काकांचं गाऱ्हाणं आणि आमचं तारेचं कुंपण

कातळात खड्डा मारणं म्हणजे काय, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने आमच्या गावी यावं. पहार मी देतो. रत्नागिरीहून लांज्याकडे जाताना उजव्या हाताला जो सडा, म्हणजे उघड्या कातळाचा माळ लागतो, तो आमचा. त्यावर पहार मारली की ठिणगी उडते, ठिणगीवर विडी पेटते, विडी ओढून संपते, आणि तोवर कातळाला साधा ओरखडाही उठलेला नसतो. मी दोन दिवस स्वतः मारून बघितली. तिसऱ्या दिवशी पहार सरळ होती, मी वाकलो होतो.

असल्या कातळावर मी हापूसची पन्नास कलमं लावली होती. झाड लावायला जमीन लागते, ही समजूत देशावरच्या लोकांची. आमच्याकडे आधी सुरुंगाने खड्डा फोडायचा, मग माती बाहेरून आणून त्यात भरायची, मग कलम लावायचं, आणि मग पाच-सात वर्षं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. मी मात्र कलमांच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही. दर वर्षी काकांची गुरं माझ्याआधी पोचत.

काका म्हणजे माझे सख्खे चुलते. ऐंशी पार केलेले, अंगाने काथ्याच्या दोरीसारखे, आणि आवाज असा की त्यांनी गोठ्यातून हाक मारली की एस.टी. थांबते. त्यांची चार गुरं. त्यातली तांबडी गाय तर विद्वान. बाजूला हिरवंगार गवत असलं तरी ती त्याला तोंड लावायची नाही. हापूसच्या कलमाचा कोवळा शेंडाच तिला हवा, आणि तोही मी आदल्या दिवशी पाणी घातलेल्या कलमाचा. पहिल्या वर्षी तिने सगळी कलमं संपवली. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा लावली. तिची आवड बदललेली नव्हती.

काकांकडे तक्रार केली तर म्हणाले, "भात घरात आलं की गुरांना दोरी नाय, ही आपल्यातली रीत हाय. तुला कलमं लावायला कुनी सांगितलंन?"

तेवढ्यात मुंबईहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जमीन दोघांच्या नावावर. त्याला बंगला बांधणारं कुणी गिऱ्हाईक भेटलं होतं, आणि तिथून समुद्र दिसतो असं त्याने त्या माणसाला सांगून टाकलं होतं. दिसतो, नाही असं नाही. शेजारच्या माडावर चढायचं, मान लांब करायची, आणि मनात भक्तिभाव ठेवायचा.

"हे बघ," दादा म्हणाला, "तू कचेरीतून निवृत्त झालास, तुला विरंगुळा हवाय, हे मला कळतं. पण दोन वर्षं तू गाईंसाठी हापूस लावतोयस. आता शेवटचं. येत्या शिमग्याला मी येईन. बाग जगलेली दिसली तर जमीन राहील. खुंट दिसले, तर मुकाट्याने सही करायची."

मी फोन ठेवला. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सही मराठीत करणार की इंग्रजीत?"

त्याच दिवशी मी ठरवलं, आता काटेरी तार. चारही बाजूंनी, चार पदरी. तिसऱ्यांदा कलमं लावली आणि लांज्याला जाऊन तारेची बंडलं आणली. काटेरी तारेचं बंडल रिक्षातून आणू नये, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. बंडल मागे, मी त्याच्या शेजारी, आणि रस्त्यात खड्डे. घरी पोचलो तेव्हा माझ्या शर्टाकडे बघून बायकोने रिक्षावाल्याला विचारलं, "ह्यांना वाघाने धरलं कुठे?" पोलांच्या खड्ड्यांसाठी शेवटी कातळ फोडणारा ब्रेकरवाला बोलावला. त्याच्या यंत्राने दोन दिवसांत सगळ्या सड्याला दाढदुखी आणली, पण खड्डे झाले. सिमेंटचे पोल आले. शेजारच्या वाडीतले दोन गडी आले. पहिला पोल उचलला, आणि लांबून एस.टी. थांबवणारा आवाज आला.

"गारानं घातलंस काय?"

काका येत होते. हातात काठी, मागे तांबडी.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे जमिनीत काही करायचं झालं, विहीर असो, घर असो, की साधा पोल, तर आधी त्या जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. नारळ, पानाचा विडा ठेवायचा आणि भावकीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाने देवाशी तोंडी बोलायचं. काय करणार, कशासाठी करणार, सगळं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की झालं. कागद नको, साक्षीदार नको. कचेरीत मी तीस वर्षं करारनामे हाताळले, पण त्यांतला एकही 'होय म्हाराजा'इतका पक्का नव्हता. करारनाम्यातून वकील माणसाला सोडवतो. इथे वकील कुठे शोधणार?

आणि भावकीत सगळ्यात मोठं कोण? काका.

मी नारळ आणवला. मनात म्हटलं, म्हातारा मोठ्या मनाने आलाय. माणसाने साठीनंतर इतकं भोळं राहू नये.

काका कातळावर उकिडवे बसले. आम्ही तिघे, म्हणजे मी आणि ते दोन गडी, हात जोडून मागे उभे.

"बा राखनदारा, म्हाराजा! ह्या कातळावर तुजी नजर हाय, झाडामाडावर तुजा हात हाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्ये तुजं लेकरू हितं तारंचं कुंपन घालतंय, त्याच्या कामाला यश दे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्याच्या कलमाच्या पानाला जो कोन तोंड लावील, त्याला तितल्या तितं तुजा हिसका दाव, म्हाराजा!"

इथे मला भरून आलं. मी तांबडीकडे बघून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "होय म्हाराजा!"

"आनि वाडवडलांपासनं चालत आलेली जी वाट हाय, दोन पायांची असूं दे नायतर चार पायांची, ती ह्यो कवा अडवनार नाय, असा तुला सबूद देतोय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

म्हणून झालं. गडी म्हणाले, मीही म्हणालो. तोंडाला लय लागली होती, डोकं मागून येत होतं. काकांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "चल, घाल तुजं कुंपन."

वाट म्हणजे काकांच्या गोठ्यापासून पलीकडच्या पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत जाणारी, त्यांच्या गुरांची पाण्याला जायची वाट. ती माझ्या जमिनीच्या बरोबर मधून, कलमांच्या पंगतीतून जाते. पंगत म्हणतोय ते मुद्दाम.

मी गड्यांना हळूच म्हटलं, "वाटेवर दोन पोल टाकून ठेवा, मग बघू."

त्यातला मोठा म्हणाला, "साहेब, तुमचं तुमी बघा. पन होय आमी बी म्हटलाव. आमाला बायकापोरं हायत."

झालं. पुढचे आठ दिवस आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातलं सर्वांत भक्कम कुंपण घातलं. कोपऱ्याच्या पोलांना तिरके टेकू दिले, पहारीला तार गुंडाळून अशी ताणली की तिच्यावर बोट मारलं तर सनई वाजावी. एक वानर येऊन चाचपून बघून गेलं आणि त्याने परत जाऊन बाकीच्यांना आत्मविश्वास दिला असावा, कारण दुसऱ्या दिवशी बारा आली. पण गुरांना आत यायला जागा नव्हती. फक्त दोन ठिकाणी होती. वाट आत शिरते तिथे आठ फूट आणि बाहेर पडते तिथे आठ फूट. गावातून लोक बघायला येऊ लागले. कुणी विचारायचं, "दार कधी बसवणार?" कुणी म्हणायचं, "असू दे, हवा खेळती राहील."

दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्याने मला फोन सगळ्या कुंपणावरून एकदा फिरवायला लावला. मग म्हणाला, "तार छान आहे. पण मध्ये ते काय आहे?"

"वाट आहे."

"कुणाची?"

"गुरांची."

"म्हणजे तू गुरांसाठी प्रवेशद्वार केलंस?" पलीकडे वहिनी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

वाटेच्या दोन्ही अंगांनी तार मारून बोळ करावा, हे काय मला सुचलं नाही? सुचलं. पण तार संपली होती आणि ब्रेकरवाला दुसऱ्या तालुक्यात निघून गेला होता. आता महिन्याभराने येतो म्हणाला. गुरं महिनाभर थांबणार नव्हती. मी वाटेच्या कडेला खुर्ची टाकून बसलो. पाच दिवस बसलो. सहाव्या दिवशी पेन्शनच्या कामाला रत्नागिरीला जावं लागलं. मी एस.टी.त चढलो तेव्हा तांबडीने मला बघितलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

संध्याकाळी आलो तर नऊ कलमं साफ. नुसते खुंट. मी कातळावर बसलो. ह्या वेळी मला काही विनोदी सुचेना. शिमग्याला अडीच महिने होते आणि हिशेब सरळ होता. ही चाल राहिली तर माघ संपायच्या आत बाग संपणार होती. वडिलांनी ह्याच कातळावर उन्हात बसून मला बे एके बे शिकवलं होतं. ती जागा माडावरून समुद्र बघणाऱ्या माणसाला द्यायची. बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिने खुंट मोजले, आणि ती टोमणा न मारता मोजते म्हणजे प्रकरण गंभीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. काठी नाही, आवाज नाही.

"तांबडी उठत नाय," ते म्हणाले. "कालपासनं रवंथ बंद. पोट नगाऱ्यासारखं झालंय."

मी मुकाट चप्पल घातली. काही झालं तरी मुकं जनावर. तालुक्याला फोन करून गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने बघितलं, औषध पाजलं, "खाण्यात काहीतरी आलंय, उद्यापर्यंत उठेल" म्हणाला आणि गेला. पण काका गोठ्यात बसूनच होते.

"खान्यात काय आलं, ते मला ठावं हाय," ते पुटपुटले. "माज्याच तोंडातनं गेलाय तो सबूद. तितल्या तितं हिसका दाव, असं मीच म्हटलंय."

एक सज्जन माणूस अशा वेळी म्हणाला असता, काका, असं काही नसतं, डॉक्टर म्हणाले ना. मी सज्जन नाही असं नाही; पण माझी नऊ कलमं गेली होती. मी म्हटलं, "खरंय काका. आता?"

"आता पुन्यांदा गारानं घालायला होवा. तू मागं उभा ऱ्हा. होय म्हनायला मानूस लागतंय."

नारळ ह्या वेळी त्यांचा. ते गोठ्याबाहेर उकिडवे बसले, मी मागे उभा.

"बा राखनदारा, म्हाराजा! मुकं जनावर हाय, चूक पदरात घे, तिला उठव, म्हाराजा!"

मी गप्प.

काकांनी मान वळवली. "म्हन की."

"तुमचं पुरं होऊ द्या, काका."

त्यांनी नारळ जरा पुढे सरकवला. मग पुन्हा देवाकडे तोंड करून म्हणाले, "ह्याच्या फुडं गुरं पान्याला नेताना मी सोता संगती जाईन, दावं धरून, म्हाराजा!"

मी आकाशाकडे बघितलं. एक घार फिरत होती.

"मेल्या, आनि काय होवाय तुला?"

"मला काय हवं असणार? तुम्ही देवाशी बोलताय. पण वाटेची दोन तोंडं उघडी आहेत, ते त्यालाही दिसत असेल."

काकांनी दीर्घ श्वास घेतला. तांबडी आत कण्हली. "आनि दोनी तोंडाला मी माज्या हातानं बेडं घालीन," म्हणजे बांबूचे आडवे दांडे, सरकवले की वाट, लावले की बंद, "येताना काढीन, जाताना लावीन, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी असा ओरडलो की गोठ्याच्या कौलांवरचे कावळे पऱ्यापलीकडे गेले, आणि त्यांतले दोन अजून परतलेले नाहीत.

तांबडी दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. डॉक्टर म्हणतो औषधाने, काका म्हणतात गाऱ्हाण्याने. मी दोघांनाही हो म्हणतो. मला उगाच वाद नकोत.

बेडं मात्र काकांनी घातलं, तेही सुबक. आणि एकदा घातल्यावर ते त्यांचं झालं. गेलेल्या नऊ खड्ड्यांत मी नवी कलमं लावली, तर काका रोज येऊन मोजू लागले. बेडं उघडं टाकणाऱ्या पोस्टमनला त्यांनी असं धरलं की तो आता पत्र बाहेरच ठेवून जातो.

शिमग्याला दादा आला. उन्हं वर आली होती. मी कलमांना पाणी घालत होतो, बायको खालच्या पंपावरून भरलेले कॅन आणून ठेवत होती. दादा बेड्याचे दांडे सरकवून आत आला आणि सरळ चालायला लागला.

"ओ मुंबईकर!" लांबून आवाज आला. वरच्या रस्त्यावर खरोखर एक गाडी थांबली. "ह्ये काय तुमचं फ्लॅट हाय काय? बेडं लाव आदी!"

दादा तसाच मागे गेला, दांडे लावले, ओढून बघितले. मग कलमांमधून एक फेरी मारली, हात मागे बांधून. तांबूस पालवी फुटलेली होती. काही ठिकाणी वाकून त्याने पानाला बोट लावलं. वडिलांच्या बसायच्या जागेपाशी जरा थांबला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला; बंगलेवालं गिऱ्हाईक असावं. त्याने बघितलं, तसाच वाजू दिला, मग बंद करून खिशात टाकला.

"पाणी कुठून आणता?" त्याने विचारलं.

"खालून. रोज दोनदा."

"रोज?" दादा म्हणाला. त्याने पँट दोन घड्या वर दुमडली, भरलेला कॅन उचलला, अर्धा स्वतःच्या बुटात सांडला, आणि उरलेला पुढच्या कलमाला नेऊन घातला.