हेळव्याच्या वहीतलं नाव

माझा थोरला जन्मला तेव्हा आम्ही सोलापुरात मिलजवळच्या चाळीत राहत होतो. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाल्याचा आनंद मला चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगून टाकलं, "नावाचा इचार करायचा न्हाय. ठरल्यालं हाय. माजंच."

थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची आमच्याकडे रीत होती. मामंजींनाही त्यांच्या आजोबांचंच नाव मिळालेलं. पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हीही रीतच. मामंजींच्या नावात एका वाराचं नाव होतं, त्यामुळे सासूबाई लग्न झाल्यापासून त्या वाराला 'रविवारचा दुसरा दिवस' म्हणत. आता पोटच्या पोराला मी हाक तरी कशी मारायची? आमचे हे म्हणाले, "बाळ म्हण की."

"आणि त्याला मिशा फुटल्यावर?"

ह्यांनी टोपी घातली आणि पाळीला वेळ असूनही मिलमध्ये निघून गेले.

मामंजींना त्या नावाचा भारी अभिमान. होटगीला रेल्वेत सांधेवाले म्हणून जन्म गेलेला, त्यामुळे आवाज गाडीच्या शिट्टीच्याही वर जाणारा. त्यांच्या आजोबांनी एकट्यानं, हातात नुसती काठी घेऊन, गावावर आलेले पेंढारी कसे पळवून लावले, हे सगळ्या चाळीला पाठ होतं.

बारशाला दोन दिवस असताना हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. चार-पाच वर्षांतून एकदा बैलावर बसून यायचा, जुन्या पिढ्या वाचून दाखवायचा, नवी नावं लिहून घ्यायचा आणि धान्य घेऊन जायचा. त्यानं बैल नेमका चाळीच्या नळाला बांधला, त्यामुळे पाण्याला आलेल्या सगळ्या बायका आपसूकच श्रोत्या झाल्या. मामंजींनी उरलेल्यांनाही हाका मारून गोळा केलं.

हेळव्यानं वही उघडली आणि कानडी हेल काढून एकेक पिढी वाचली. मामंजी मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "आता माज्या आज्याला ते नाव कशावरनं पडलं, ते वाच."

हेळवी घुटमळला. "ऱ्हाऊ द्या की, मालक."

"लाजतोस कशाला? वाच!"

त्यानं वाचलं. घरात एक बैल होता. ज्या वाराच्या बाजारात घेतला, त्या वाराचंच नाव त्याला पडलं. तो बैल गेला त्याच दिवशी घरात मुलगा झाला, म्हणून बैलाचं नाव मुलाला ठेवलं.

नळावर कुणाची तरी घागर हातातून सुटली.

"आन पेंढारी?" मामंजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पेंढारी न्हाईत, मालक. लांडगा. त्यो बी बैलानंच हाकलला."

सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या माझ्या वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. बारशाला अकलूजहून आल्या होत्या. हसून हसून डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आता माजं नाव कुटं हाय, ते बी वाच."

"लेकींची नावं न्हाई लिवत, आक्का."

वन्सं हसायच्या थांबल्या. आत आल्या आणि बाळाला तेल लावायला घेतलं. थोड्या वेळानं मला विचारलं, "तुला कोनत्या नावानं हाक मारायला आवडंल गं?"

त्या घरात मला काय आवडेल हे तोवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून एकदम आईचं नाव निघालं. मग लाजून म्हटलं, "पण ते बाईचं आहे."

"शेवट लांबवला न्हाई की झालं बाप्याचं," वन्सं म्हणाल्या.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वन्संनी कानात सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. सासूबाईंच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट कलंडलं. मामंजी दारातून पुढे आले.

"ह्ये कुनाचं नाव?"

"हिच्या आईचं," वन्सं म्हणाल्या.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवस घराबाहेर न पडलेला तो माणूस म्हणाला, "मानसाचंच हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या." पहिल्यांदा तेच हसले, म्हणून मग बाकीच्यांना हसता आलं. मी पाळण्यावर वाकून बाळाला त्या नावानं हाक मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा मारली. बाळ झोपेतून दचकून रडायला लागलं.

हेळवी बारशाच्या जेवणासाठी थांबला होता. त्यानं बाळाचं नाव लिहून घेतलं आणि धान्यासाठी पोतं उघडलं. वन्सं ज्वारीनं भरलेलं सूप घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, पण सूप काही कलतं होईना.

"माजं लिव," त्या म्हणाल्या. "रीत न्हाई म्हनू नगंस. बायकांनी तुला धान्य घालायचं, ही तरी रीत कुनी लिवलीया?"

हेळव्यानं मामंजींकडे पाहिलं. मामंजी छताकडे पाहत होते. मग त्यानं बोरू शाईत बुडवला आणि कडेच्या कोऱ्या जागेत नाव लिहिलं. वन्संना वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वही माझ्यापुढे धरली. एक वेलांटी चुकली होती. वन्संनी ती दुरुस्त करून घेतली, शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घातली आणि मग सूप त्याच्या पोत्यात रिकामं केलं.