बिनहार्मोनचा राग

माझ्या धाकट्या जावेइतकं चिडकं माणूस ठाण्यापासून शहाडपर्यंत दुसरं सापडणार नाही, आणि सापडलंच तर ते तिच्यावरच चिडलेलं असेल. तिचा राग फक्त दोन पायांच्या प्राण्यांसाठी राखीव असतो. घोडीनं लाथ मारली तर ही म्हणते, "चूक माझी, मी न सांगता मागून गेले." आणि नवऱ्यानं तिच्या चहात साखर जास्त घातली तर आठवडाभर अबोला! घोड्यांची डॉक्टर आहे ती, त्यातही घोड्यांच्या बाळंतपणांची. उमेदीची सगळी वर्षं पुण्याकडच्या एका पैदाशीच्या फार्मवर गेली. निवृत्त होऊन कल्याणला आली, तर तिथेही स्वस्थता नाही. शहाडकडे वरातीला घोड्या देणारी मंडळी आहेत, त्यांच्या घोड्या ही तपासते आणि मालकांना दटावते.

ती लग्न होऊन ठाण्याला आमच्या नौपाड्यातल्या घरी आली तेव्हा मी थोरली सून होते. अंगात शिष्टपणा असा, की आरशातल्या स्वतःलासुद्धा मी अहो-जाहो करत असेन. आमच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कुणीतरी भाबडेपणानं तिला विचारलं, "तुम्ही नक्की काय काम करता हो?" झालं. हातात वाटल्या डाळीची बशी घेऊन ही सुरू झाली, "घोडीच्या डोक्यात दिवस मोजायचं घड्याळ असतं. रात्री मोठ्या असल्या की मेलाटोनिन जास्त, आणि अंडाशय झोपलेलं. दिवस वाढायला लागला की मेंदू पिट्यूटरीला हाक मारतो, पिट्यूटरी अंडाशयाला उठवते. मग एस्ट्रोजेन चढलं की शेपटी वर, प्रोजेस्टेरॉन चढलं की लाथ वर. नर घोड्याला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं." मी तिला कोपरानं ढोसलं, "अगं, बाहेर पुरुषमंडळी बसलीयेत!" तर म्हणाली, "बसू देत. पिट्यूटरी त्यांनाही असते." पन्ह्याचा पेला माझ्या हातून पडला. गर्भ तपासायला ती खांद्यापर्यंत हात आत घालते हे कळल्यावर तर मी न्हाणीघरात तिच्यासाठी वेगळा साबण ठेवला, लाल, कपड्यांचा वाटावा असा. तिनं तो पाहिला आणि माझा मोगऱ्याच्या वासाचा साबण चार दिवसांत संपवून टाकला. मी इतकी संतापले होते! आता वाटतं, त्या बाईला, म्हणजे मला, कुणीतरी त्या लाल साबणानं धुवून काढायला हवं होतं.

हार्मोन्स हा शब्द कुणी उगाच वापरला की तिचं डोकं फिरतं. मागे एका समारंभात केटररनं पंगतीला ताटकळत ठेवलं म्हणून ती त्याच्यावर ओरडली, तेव्हा आमच्या नात्यातला एक शहाणा हसत म्हणाला, "काकू, हार्मोन्सचा परिणाम दिसतोय." ती त्याच्याकडे वळली. "माझं वय बहात्तर. हार्मोन्स केव्हाच गेले. आता जो राग उरलाय तो शुद्ध आहे, बिनहार्मोनचा. देऊ का थोडा?" मी जिलबी खात होते, ती घशात अडकली. हेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी मला सुचलं असतं तर आमच्या घरातल्या किती तोंडांना कुलूप लागलं असतं!

पण खरा भडका उडाला तो माझ्या नातवाच्या लग्नात. माघ महिना, कल्याणचा हॉल, पुढे टेम्पोवर डीजे, आणि मागे पांढरी घोडी, तिच्या कपाळावर मोत्यांच्या झालरी. नवरदेव वर चढलेले. धाकटी घोडीजवळ गेली, झालर वर केली, घोडीचा फाटका कान पाहिला आणि मालकावर कडाडली, "हिला आणलीस? हिला?"

झालं होतं ते असं. शहाडचा हा मालक घोडी बांधायचा लग्नाच्या लॉनच्या कुंपणाला लागून. तुळशीच्या लग्नापासून तिथे रोज रात्री उशिरापर्यंत हॅलोजन. घोडीच्या डोळ्यांना वाटलं दिवस वाढले, आणि ऐन पौषात ती माजावर आली. मालकाला वाटलं, कुणाची तरी नजर लागली! धाकटीनं त्याला समजावलं, "नजर नाही रे बाबा, तुझे दिवे लागलेत." मग त्यानं हौसेनं तिला घोडा दाखवला. गर्भ राहिल्याचं धाकटीनंच तपासून सांगितलं होतं, आणि बजावलंही होतं, की हिची आधीची दोन राहिलेली पोटं वरातींतच पडलीयेत. सुरुवातीला सगळा गर्भ एका प्रोजेस्टेरॉनच्या जिवावर तग धरून असतो. घाबरवू नकोस, नाचवू नकोस, घरी ठेव.

"मॅडम, दुसरी लंगडायला लागली सकाळी. बुकिंग घेतलेलं, काय करणार?" मालक हात जोडून म्हणाला.

"डीजे बंद करा," धाकटीनं फर्मावलं.

माझा मुलगा, म्हणजे नवरदेवाचा बाप, घामाघूम झाला. "काकू, आज नको ना! अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"अर्ध्या तासात एक जीव जाईल. तुझ्या मुलाला पाय आहेत ना?"

डीजेवाल्या पोरांनी दात काढले आणि आवाज वाढवला. घोडीचे कान मागे गेले, अंग थरथरलं. धाकटी ओरडत होती, पण तिचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मला ती एकटी दिसली. आणि मग मला जो राग आला ना, तोही बिनहार्मोनचाच. मी कडेच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, टेम्पोच्या बरोब्बर समोर ठेवली आणि पैठणी सावरून बसले.

"आजी, उठा ना, टेम्पो पुढे घ्यायचाय!"

"गुडघे धरलेत रे. आवाजानं धरलेत. आवाज थांबला तर सुटतील बहुतेक."

आवाज थांबला. नातू खाली उतरला, घोडीच्या मानेवर थोपटलं आणि रिक्षात बसून हॉलच्या दारात गेला. व्याही आठवडाभर फुगून होते. माझा मुलगा अजून फुगलेला आहे. फुगू दे.

पावसाळ्यात धाकटी तबेल्यातल्या लिदीवरून घसरली. उजवा खांदा गेला, तोच, तपासायचा. हात आता छातीच्या वर जात नाही. ती त्याबद्दल बोलेना, आणि कुणावर चिडेनाही. चहात साखर जास्त झाली तरी मुकाट प्यायची. मला याची फार भीती वाटली.

मग गेल्या मार्गशीर्षात मीच तिला रिक्षात घालून शहाडला नेलं. फाटक्या कानाच्या त्या घोडीचे दिवस भरले होते, पोट खाली उतरलेलं, सडांवर चिकाचे मेणासारखे थेंब. आता कधीही व्याली असती. धाकटी नुसती बघत उभी राहिली, उजवा हात डाव्या हातात धरून. मग हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही लावून बघा हात."

मी लावला. बांगड्या मागे सारून, उघडा हात, त्या गरम अंगावर.

"अहो वहिनी, तिथे बरगड्या आहेत! शिंगरू काय फुप्फुसात ठेवलंय तिनं? इतकी वर्षं माझ्याबरोबर काढून एवढंही कळू नये? खाली, खाली घ्या!"

हात खाली घेतला आणि आतून, एवढ्याशा खुराची, पण स्पष्ट अशी एक लाथ माझ्या तळव्याला लागली. माझे डोळे भरून आले. हात पुन्हा हळूच बरगड्यांकडे सरकवला आणि ती आणखी ओरडते का, याची वाट बघत उभी राहिले.