विमानाचं स्टिअरिंग
नव्या कॉम्प्युटरच्या खोक्याचा वास आला, की पुण्यातलं ते दुकान आठवतं. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून विमानदलाच्या वैद्यकीय तपासणीत मी नुकताच नापास झालो होतो. माझं मन राखायला वडील मला भोरहून तिथं घेऊन आले होते. विमानाच्या खेळाचं सगळ्यात महाग स्टिअरिंग पुढं होतं. "म्हाग हाय, पण घिऊ," ते म्हणाले. ते जड, गार स्टिअरिंग धरून मी पडद्यावरचं विमान उतरवायला घेतलं. दुकानदार म्हणाला, "चाकं खाली आली की लाल दिवा हिरवा होतो. झाला का?" मला कळेना. मागून वडीलच घाईनं म्हणाले, "झाला, झाला." मी हात काढून घेतले आणि नको म्हणालो. परतताना एसटीत ते म्हणाले, "पैसं वाचलं म्हनायचं." आज तसलं स्टिअरिंग मला सहज परवडतं, पण मी ते घेतलेलं नाही.