डावीकडचा सलाम

आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याइतका नेमाचा नमाजी मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका सुडाला चिकटलेलाही. दोन्ही एका माणसात मावायचं कसं, म्हणाल तर गादीत कापूस मावतो तसं. दाबून!

दुकानात धनुष्यासारखी पिंजण टांगलेली असे. लाकडी मुठीनं तिच्या ताणलेल्या तातेला ठोका दिला की टंय्य् वाजायचं, कापूस उडायचा आणि हा त्या तालावर "अल्लाहू, अल्लाहू" म्हणायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटे, काय लीन माणूस! मी शेजारीच बसलेला असायचो, मला विचारा. दोन ठोके अल्लाहचे, तिसरा रंगाऱ्याचा. "घे! खा हा!"

रंगारी म्हणजे समोरचा, कपडे रंगवून देणारा. पिंजाऱ्याच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरत आलं होतं. तोच मुलगा रंगाऱ्याला आपल्या पुतणीसाठी हवा होता. पाहुण्यांच्या कानात त्यानं हळूच सोडलं, "मुलीला फेफरं येतं." पाहुणे उठून गेले. पुतणीचंही जमलं नाही ते सोडा, पण पिंजाऱ्याच्या दाराशी पुन्हा कुणी फिरकलं नाही. नख दुखलं नव्हतं पोरीचं कधी!

तेव्हापासून पिंजाऱ्यानं नमाजातली जागा बदलली. नमाज संपताना मान उजवीकडे आणि मग डावीकडे वळवून शेजाऱ्याला सलाम द्यायचा असतो. तुमच्यावर शांती असो, असा. हा म्हणायचा, "त्याला शांती? माझ्या जिभेला फोड येईल!" म्हणून अजान व्हायच्या आधीच जाऊन रांगेचं डावं टोक पकडायचा. उजवीकडे मी, डावीकडे भिंत. त्या भिंतीला इतकी शांती लाभली की तिला कधी तडा गेला नाही.

आणि दुआ तर ऐकावी अशी! हात पसरून, डोळे मिटून, अगदी रडवेला होऊन मागायचा, "या अल्लाह, त्यानं निळा घातला की पिवळा उतरू दे. त्याच्या घरी पाहुणे येऊ देत आणि पाणीही न पिता जाऊ देत."

एका दुपारी खरंच दोन पाहुणे आले, ते थेट पिंजाऱ्याच्या दुकानात. "रंगाऱ्याच्या मुलाला आमची मुलगी द्यायचं मनात आहे. तुम्ही समोरचे. मुलगा कसा आहे?"

पिंजाऱ्याचा चेहरा असा फुलला, जणू आतून कुणी पिंजला! तेवढ्यात अजान झाली. "बसा," तो म्हणाला, "नमाज पढून येतो. मग सविस्तर सांगतो."

वाटेत मला म्हणतो, "दारू पितो म्हणू, की थुंकीतून रक्त पडतं म्हणू?"

"एकच काहीतरी म्हण. दोन्ही सांगितलंस तर कुणाचा विश्वास बसायचा नाही."

या मसलतीत आम्हाला उशीर झाला. पुढची रांग भरलेली. मागच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. त्याच्या डावीकडे कुणीतरी धापा टाकत येऊन उभं राहिलं. नमाजात वळून बघता येत नाही. सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा याच्या पंज्याशेजारी दुसरा पंजा आला. नखं निळी!

उजवा सलाम मला नीट मिळाला. डावीकडे मान वळायला इतका वेळ लागला की मला वाटलं, मान अडकली. शेवटी दातांतून आला. पण आला. अर्धवट नमाज सोडणाऱ्यातला तो नव्हताच.

बाहेर आल्याबरोबर त्यानं रंगाऱ्याचं मनगट धरलं. "चल. तुझे पाहुणे माझ्याकडे बसलेत."

रंगाऱ्याचा रंग उडाला.

दुकानात पिंजारी पाहुण्यांना म्हणाला, "आत्ताच याला सलाम देऊन आलोय, खोटं बोलता येत नाही. मुलगा सोन्यासारखा. व्यसन नाही, कामाला वाघ."

रंगाऱ्यानं श्वास सोडला.

"बाप मात्र खोटारडा! खरं बोलायला मला कुणी अडवलंय? यानं माझ्या मुलीला फेफरं येतं म्हणून सांगितलं. विचारा त्याला, येतं का?"

रंगारी पुटपुटला, "नाही."

"पाहुण्यांना ऐकू आलं नाही."

"नाही येत. मी खोटं बोललो, भाईजान."

"आता गल्लीकडे तोंड करून बोल."

बोलला! धडाधड खिडक्या उघडल्या. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून ठेवला.

मुलाचं लग्न ठरलं, कारण मुलगा खरंच चांगला होता. पण व्याही अजून रंगाऱ्याच्या प्रत्येक बोलण्याला साक्षीदार मागतात. "आज ऊन आहे" म्हणाला तरी बाहेर डोकावून बघतात.

मी पिंजाऱ्याला म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता माफ करून टाक."

"शांती असो म्हटलंय मी. झोप लागो असं कुठं म्हटलंय?"

आत त्याची मुलगी रजईला टाके घालत होती. दातानं दोरा तोडत म्हणाली, "अब्बा, गल्ली फारच लहान पडली. चौकात न्यायला हवं होतं त्याला."