तापल्या खांद्यावर तूप ठरत नाही

देवावर माझा विश्वास होता, पण शेजारच्या विहिरीवर असतो तसा. आपली आटली तर तिथे पाणी आहे, एवढंच मनात धरून मी आपल्याच विहिरीतून उपसत राहायचो. आमच्या घरी श्रावणातले सोमवार सुमन, म्हणजे माझी बायको, करते. उपास तिचा आणि साबुदाणा माझा. माझा खरा भरवसा माझ्या हातांवर. काही बिघडलं की मला चैन पडत नाही. पाना घेतला, उघडलं, पिळलं की जिवाला बरं वाटतं. सुमन म्हणते, तुम्हाला हात देताना देव विसावा द्यायचा विसरला.

मागच्या श्रावणात आमची पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमचं घर शेतात आहे, दर्यापूरपासून फार लांब नाही. पण डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची पांदण म्हणजे निव्वळ काळी माती. पावसाळ्यात तिथे ऑटो येत नाही, मोटारसायकल रुतते, चालणाऱ्याच्या चपला हातात आणि गाळ पोटरीपर्यंत. दिवस भरत आलेल्या पोरीला त्या वाटेने चालवणं शक्यच नव्हतं. तिला बाहेर काढू शकेल असं एकच साधन होतं, आमचा दोन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने अजून वेळ होता, म्हणून पोळा झाला की तिला अमरावतीला माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवायचं ठरलं होतं. आणि नेमका पोळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टर टकटक करू लागला.

टकटक टॅपेटची आहे हे मला कळत होतं. व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात एक बारीक फट ठेवावी लागते. ती वाढली की इंजिन टकटकतं. ती उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कंप्रेशन निसटतं आणि इंजिनातला जीव जातो. आमच्या मिस्त्रीला फोन केला तर तो सणासाठी सासुरवाडीला गेलेला. म्हणाला, पोळा होऊ द्या, मग येतो. एवढा दम मला कुठला? मी इंजिन चालू करायचो, कान लावून आवाज ऐकायचो, बंद करायचो आणि तसंच तापलेलं असताना कव्हर उघडून फट बसवायचो. सकाळी पुन्हा टकटक. शेवटी फिलर, म्हणजे फट मोजायची ती पातळ पाती, मी बाजूला ठेवली आणि आवाज पार जाईपर्यंत स्क्रू पिळत गेलो. बैल गप्प झाला की आमच्याकडे माणसाला काळजी लागते, पण इंजिन गप्प झालं की दुरुस्त झालं असं वाटतं. मलाही तसंच वाटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर बांधापर्यंत फिरवून आणायला काढला. परत येता येता त्याने पांढरा धूर सोडला, अंगणात येऊन आचका दिला आणि बंद पडला. मी सेल्फ मारत राहिलो, बॅटरी दमेपर्यंत. ओट्यावर पल्लवी कमरेला हात लावून उभी होती. तिने विचारलं, "बाबा, चालू होईन ना हा?" मी हो म्हणालो. पण मला खरोखर भीती वाटली होती, आणि ती भीती मी पुन्हा पान्यावर काढायला बसलो.

तेवढ्यात सुमन वाटीत तूप-हळद आणि पळसाची पानं घेऊन आली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमची बैलजोडी गेली तेव्हापासून सुमन हा मान ट्रॅक्टरला देते. मी चिडलो. म्हणालो, इथे माझा जीव चालला आहे आणि तुला हळद सुचते.

आमचं हे चाललं असतानाच पांदणीकडून एक म्हातारबाबा आले. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, चपला हातात, पाय गाळाने माखलेले. पोरीच्या गावाला पोळ्यासाठी निघालो, म्हणाले, आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर ट्रॅक्टरकडे पाहत राहिले.

"हा तुमचा बैल का, भाऊ?"

"बैल कायचा, बाबा. बंद पडला हाये."

"मंग पडू द्या ना. खांदशेकनीच्या दिवशी कोनी बैलाच्या मांगं लागते का?" असं म्हणत त्यांनी सुमनच्या हातातलं पान घेतलं आणि तूप बॉनेटवर टेकवलं. पत्रा इतका तापला होता की तूप वितळून सरसर खाली ओघळलं. त्यांनी बोटाने चटका घेतला आणि हसले. "लय तापला हाये हो हा. तापल्या खांद्यावर तूप ठरत नाई. याले थंडा होऊ द्या. उद्याचा दिस याले हात नोका लावू, आन तुमीबी जरा बसा."

सुमनने लगेच हात जोडून ट्रॅक्टरला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा आले तसे पांदणीने निघून गेले. माझ्या हातात पाना तसाच होता. काय झालं कोण जाणे, मी तो पेटीत ठेवून दिला. बॅटरी तेवढी काढून चार्जिंगला लावली.

पोळ्याचा दिवस मला वर्षासारखा गेला. सुमनने ट्रॅक्टरला झूल घातली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मी चार वेळा उठलो आणि चारही वेळा पल्लवीने हाताला धरून बसवलं. संध्याकाळी महादेवाच्या देवळात गेलो. नंदीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो, पण मागायला काही सुचेना. एवढंच म्हणालो, देवा, माझ्याकडून होतं ते करून झालं, आणि त्यातलंच बरंचसं नडलं. आता तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द मनापासून आले. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी उजाडताच जाग आली. इंजिनावर हात ठेवला तर ते पाट्यासारखं गार. बाबांचं बोलणं आठवलं आणि मग आमचा मिस्त्री आठवला. तो टॅपेटला नेहमी सकाळीच यायचा आणि आल्याआल्या विचारायचा, चालू तर नाही ना केला? मी ती मिस्त्रीची लहर समजायचो; तापलं की लोखंड फुगतं आणि फटीचं माप बदलतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी कव्हर उघडलं. पुली पान्याने फिरवून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या जागी आणले आणि पाती सरकवली. ती आत जाईचना. जिथे फट हवी तिथे मी श्वासालाही जागा ठेवली नव्हती. नट ढिला करून स्क्रू परत सोडला. पाती जरा अडखळत सरकू लागली तेव्हा नट आवळला. दुसऱ्या सिलिंडरला हात घातला आणि सुमन धावत आली. पल्लवीला कळा सुरू झाल्या होत्या.

मी स्वतःला ओळखतो, एरवी त्या घाईत मी काहीही पिळलं असतं. पण आत कुठेतरी शांत होतं, आणि ती शांती माझी नव्हती. सुमनला म्हणालो, "ट्रॉलीत गाद्या टाक." राहिलेले व्हॉल्व्ह सावकाश बसवले, पुन्हा तपासले, कव्हर लावलं, बॅटरी जोडली. देवाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. धूर पांढरा नव्हता. हलकी टिकटिक मात्र होती, आणि मी ती राहू दिली.

पांदणीतून ट्रॅक्टर कुठेही न अडता निघाला. मागे पल्लवी आईचा हात धरून कण्हत होती. डांबरी रस्ता लागला तेव्हा मी रडत होतो. दर्यापूरच्या दवाखान्यात पोहोचलो आणि थोड्याच वेळात नात झाली. नाळ गळ्याभोवती होती. वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे मी आजूबाजूच्या गावांत त्या बाबांची चौकशी केली. पोळ्याला असा पाहुणा आला होता, असं कोणी सांगितलं नाही. चुकीच्या गावी विचारलं असेल. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. मला इंजिनापुरतं एवढं कळलं की तापलेलं असताना त्याचं खरं माप कळत नाही, आणि माणसाचंही बहुधा तसंच असावं. थंड व्हायला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ज्याने सांगायला पाठवलं त्याच्यापुढे मी आता रोज हात जोडतो. उपासही धरतो, साबुदाणा सुटलेला नाही.

त्या दिवशी नर्सबाईंनी नात माझ्यापुढे धरली. नखांत ऑइल होतं म्हणून मी मागे सरलो. पल्लवी पलंगावरून म्हणाली, "घ्या ना, बाबा." मी हात पुढे केले. तिची टोपी सारखी करावी, दुपट्याचं टोक खोचावं, असं काही मनात आलं नाही. मी तिला नुसतं धरून उभा राहिलो.