शालिनीताई आणि ‘ते घर’

प्रा. शालिनीताई उमरेडकर यांची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली, आणि तीही माझी फजिती होऊन. कुही तालुक्यातल्या एका धानाच्या गावातून मी एम.ए.साठी नागपूरला आले होते. ताई राज्यशास्त्राच्या वर्गात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद शिकवत होत्या. एका घराण्याची गोष्ट चालली होती. महत्त्वाकांक्षी वडील, राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचलेला मुलगा, मग त्याच वाटेने निघालेले भाऊ आणि पुतणे. मी शेजारच्या मैत्रिणीला हळूच म्हटले, ‘‘अमेरिकेच्या घराण्याशी आपल्याले काय करायचं आहे वं?’’

ताईंनी ते ऐकले. रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी मला उभे केले आणि विचारले, ‘‘तुमच्या गावचे सरपंच कोण?’’

मी नाव सांगितले.

‘‘त्यांच्या आधी?’’

‘‘त्यांचे वडील.’’

‘‘आणि त्यांच्याही आधी?’’

‘‘वडिलांचे मोठे भाऊ,’’ मी म्हटले, आणि सारा वर्ग हसला. ताईही हसल्या. ‘‘बसा. आता पुन्हा अमेरिकेला जाऊ.’’

त्या घराण्याचे नाव ताई क्वचितच घेत. ‘ते घर’ एवढेच म्हणत. पुढे आम्हीही तसेच म्हणू लागलो. त्या घरावर मराठीत एक नेटके पुस्तक असावे म्हणून ताईंनी आयुष्यातली कितीतरी वर्षे दिली. अमेरिकेला त्या कधी गेल्या नाहीत. ग्रंथालयांतून पुस्तके मागवून, परदेशातल्या ओळखीच्या विद्यार्थ्यांकडून लेख आणवून त्यांनी ते लिहिले. त्यात राष्ट्राध्यक्षांची भाषणे आहेत, संकटाच्या वेळचे निर्णय आहेत. पण ताईंचे सारे लक्ष घरातल्या माणसांवर आहे. मोठ्या भावाची जागा रिकामी झाली की धाकट्याला ‘तुला काय व्हायचे आहे?’ असे कोणी विचारतच नाही, हे त्यांनी फार हळुवारपणे लिहिले आहे. आणि त्याच घरातून समाजसेवेची जी ओढ पुढच्या पिढ्यांत उतरली, तिलाही त्यांनी मोकळेपणाने दाद दिली आहे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत कुही-रामटेककडची आम्ही मुले गावी जायचो. परत आलो की ताई आम्हाला रविवारी घरी बोलवत आणि बुडालेले सगळे तास पुन्हा घेत. त्यांच्या आई आम्हाला गोळाभात वाढत. घराच्या मागच्या खोलीत तेव्हाही एक हातमाग होता. ताईंचे वडील दामोदररावजी स्वतः त्यावर विणत असत. विणकरांच्या प्रश्नांवर लढता लढताच ते आमदार झाले होते. मीटिंगहून आले की आमच्याच पंगतीत बसत आणि लेकीला चिडवत, ‘‘तुमचा राष्ट्राध्यक्ष काय म्हणते आज?’’

मी त्याच महाविद्यालयात शिकवू लागले त्या सुमारास दामोदररावजी आमदार असतानाच गेले. पोटनिवडणूक लागली. तेरवी होते न होते तोच पक्षाची माणसे घरी आली. त्या दिवशी मी आत स्वयंपाकघरात आईंजवळ बसले होते. बाहेरचे सगळे ऐकू येत होते.

‘‘ताई, तुमी उभ्या राहा. लोकं तुमाले पाहून डोळे मिटून मत देतीन.’’

‘‘मी नाही,’’ ताई म्हणाल्या.

‘‘मंग मधुकरभाऊले राहू द्या. घरचंच माणूस पाहिजे.’’

मधुकरभाऊ म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. त्यांची मनापासून तयारी होती. पण आईंनी निर्णय थोरल्या लेकीवर सोपवला होता. ताईंनी वामनरावजींचे नाव सांगितले. तरुणपणापासून दामोदररावजींच्या खांद्याला खांदा लावून राबलेला तो माणूस. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून मोर्चात लाठी खाण्यापर्यंत सगळे केलेला. ‘‘बाबांचं काम त्यांना माहीत आहे. आमच्या घरात फक्त बाबांचं नाव आहे,’’ ताई म्हणाल्या.

पक्षाच्या माणसांनी पुष्कळ समजावले. शेवटी ताईंच्या शब्दाखातर तिकीट वामनरावजींना मिळाले. ताई त्यांच्यासाठी मोहल्ल्यात दारोदार फिरल्या. मीही सोबत असे. ‘‘ताई, तुमीच काहून नाही?’’ हा प्रश्न प्रत्येक उंबऱ्यावर यायचा, आणि प्रत्येक ठिकाणी ताई न कंटाळता सगळे पहिल्यापासून सांगायच्या.

वामनरावजी हरले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ‘मास्तरणीनं पुस्तकापायी बापाची सीट घालवली,’ असे लोक ताईंच्या तोंडावर म्हणत. आई कितीतरी दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. मधुकरभाऊ तर बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. जाताना ते दारात म्हणाले, ‘‘ताई, बाबा असते तर असं झालं नसतं.’’ दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर वर्गात आल्या, शिकवू लागल्या. पण मधेच थांबून खिडकीबाहेर पाहत राहिल्या. एवढेच मला वर्गाबाहेरून दिसले.

एक माणूस मात्र भेटायला आला. वामनरावजी. म्हणाले, ‘‘ताई, जिंदगीभर दुसऱ्याच्या नावानं मतं मागितली. यंदा माह्या नावानं मागितली. हरलो, पण माह्या नावानं हरलो.’’ ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत, पण विणकरांचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

आई गेल्या तेव्हा मधुकरभाऊ आले, विधी आटोपले आणि न जेवता निघून गेले. बहीणभावांचा अबोला तसाच राहिला. तो सुटेल असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते. पण त्या तान्ह्या मुलीने, समीक्षाने, मोठी होऊन राज्यशास्त्र घेतले आणि ती थेट आत्याकडे शिकायला आली. ताई निवृत्त झाल्या होत्या. मधुकरभाऊ तिला स्कूटरवर आणून सोडत आणि शिकवणी संपेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. घरात पाऊल टाकत नसत.

पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामासाठी मी एका दुपारी तिथे होते. नागपूरचा मे महिना. शिकवता शिकवता ताई उठल्या, पन्ह्याचा पेला भरला आणि पदर डोक्यावर घेऊन उन्हात बाहेर पडल्या. आम्ही दोघी दारातून पाहत होतो.

‘‘मधू,’’ ताई म्हणाल्या, ‘‘ऊन लागून राहिलं ना तुले. घरात ये.’’

मधुकरभाऊंनी पेला घेतला. मान खाली घालून हळूहळू प्यायले. मग स्कूटर लोटत बहिणीच्या मागोमाग आले.

आत येऊन ते खुर्चीवर टेकले. समीक्षा पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मीही उठू लागले, तर ताईंनी हातानेच बसवले. अखेर मधुकरभाऊंनी विचारले, ‘‘ताई, एक खरं सांग. तेव्हा मी उभा राहिलो असतो तर निवडून आलो असतो का?’’

‘‘आला असता गा,’’ ताई लगेच म्हणाल्या. ‘‘नक्की आला असता. पण मतं बाबाले पडली असती. तुले कोणी पाहिलंच नसतं. मले तू पाहिजे होता, मधू. दुसरा बाबा नाही.’’

मधुकरभाऊंनी तोंड फिरवले. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या दिवशी ते जेवूनच गेले.

आमच्या लाडक्या शालिनीताई आता पंचाहत्तरीच्या झाल्या आहेत, आणि त्यानिमित्त सोहळा होऊन हा गौरवग्रंथ निघत आहे. त्यांच्या पुस्तकाचा गौरव या ग्रंथात जाणकार मंडळी करतीलच. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या घराण्यांविषयी ताईंकडून मी जे शिकले, त्यातले पुष्कळसे मी त्या दुपारी शिकले, एवढेच माझ्याकडून. या सोहळ्यासाठी सभागृह ठरवण्यापासून मांडवापर्यंतची सारी धावपळ मधुकरभाऊ करीत आहेत. ‘‘ताईले सांगू नका, रागावतीन,’’ अशी तंबी आम्हा सर्वांना आहे.

ताई, तुमची नजर अशीच स्वच्छ राहो, गुडघ्यांनी फार कुरकुर करू नये, आणि तुम्हाला प्रश्न विचारायला नवी मुले येत राहोत. शंभरीच्या सोहळ्याला आम्ही म्हातारे विद्यार्थी काठ्या टेकत येऊ. तेव्हाही तुम्ही आम्हाला उभे करून उलट प्रश्न विचारावा आणि सारा वर्ग हसावा, एवढे आयुष्य आणि एवढे बळ तुम्हाला लाभो.