पापडांच्या कपाटातले कॉम्प्युटर

विद्यापीठाने आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजला दिलेले पाचही कॉम्प्युटर त्या पावसाळ्यात बंद पडले. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नवे कधी मिळतील ते कोणी सांगेना, आणि जुने गेले की आमचा कॉम्प्युटरचा वर्गही जाणार होता. त्यातल्या चाळीस मुलामुलींना हे शिकायला मुंबईत राहणं परवडणारं नव्हतं.

मुंबईच्या मेकॅनिकने एकच पेटी उघडली आणि पाचांवरही 'दुरुस्तीयोग्य नाही' असा शेरा मारला. मग ते निकामी ठरवून भंगारात काढायला विद्यापीठाचे एक अधिकारी आले. समितीत ते, प्राचार्य आणि गणित शिकवणारा मी. तिघांच्याही सह्या लागत.

"करा सही, सर. मला चारची एसटी गाठायचीय," अधिकारी म्हणाले.

"पेट्या पाच, उघडली एक. उरलेल्या चारांवर सही कशी करू?"

"अहो, यांच्यावर आता कोंबडीसुद्धा बसायची नाही."

"मग कोंबडीचीच सही घ्या."

अधिकाऱ्यांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर चालू झाले नाहीत तर मी मुकाट्याने सही करायची, असं ठरलं.

मी पेट्या उघडल्या. मेच्या सुट्टीत कॉलेजच्या रिवाजाप्रमाणे सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवलं होतं, ओल लागू नये म्हणून. पावसाळा लागला तरी ते कोणी सोडलं नाही आणि आत शिरलेली ओल आतच कोंडली. पितळेच्या भांड्यावर कळंक चढावा तशा आतल्या सर्किटच्या कार्डांच्या धातूच्या पट्ट्या हिरवट झाल्या होत्या. त्या मी खोडरबराने घासल्या. पण ओल काढणार कुठे? बाहेर ऊन नव्हतं.

आमच्याकडे पावसाळ्यात पापड-कुरडयांच्या कपाटात चाळीस वॉटचा बल्ब जळता ठेवतात. कार्डं घेऊन मी त्या कपाटापाशी उभा राहिलो.

"पापड मऊ पडले तर तुमच्या विद्यापीठाकडून भरून घेईन," बायको म्हणाली. तरी तिनेच मधली फळी रिकामी करून दिली. "बल्बाला चिकटवू नका. आमचे पापड भाजतात तशी भाजतील."

रविवारपर्यंत कार्डं खडखडीत वाळली. सोमवारी अधिकारी आले ते भंगाराचा टेंपो घेऊनच. दोन कॉम्प्युटरचे चांगले भाग मी बाकीच्या कॉम्प्युटरांत बसवले होते. उरलेले तीन एकेक करून लावले. तिन्ही पडदे उजळले.

"उजेड पडला, पण काम करतात का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी कॉम्प्युटरकडे एकोणतीसचा पाढा मागितला. आकडे भराभर खाली उतरू लागले. प्राचार्य ओठांतल्या ओठांत बरोबरीने म्हणत होते, पण एकोणतीस चोकच्या पुढे मागे पडले. अधिकारी मोठ्याने हसले.

मी दोन रिकाम्या खोक्यांपुरती सही केली, टेंपो तेवढीच घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. पूर्वी एका कॉम्प्युटरमागे आठ जण असत, आता तेरा-चौदा झाले. मागची मुलं बाकांवर चढून बघत होती आणि वर्गातलं एकही नाव कमी झालं नव्हतं.